पातळी : सोपी

शालीमारला फिरोजचं मोबाईलचं दुकान आहे.
त्यानं हार्डडिस्क दिली, चिवड्याच्या पिशवीत गुंडाळून.
म्हणाला, पवननगरचं कॅफे मोडलं ना अहिररावनं,
त्यातलं चार नंबरचं मशीन. चालतंय अजून.
लागलं तर बघ.

मला कशाला लागतंय?
तरी शनिवारी, अंबडला सुट्टी,
बायको पोरीला घेऊन सटाण्याला गेलेली,
जानेवारीची सहा डिग्री खिडकीच्या फटीतून आत येत असताना
पोरीच्या टेबलावरची कंपासपेटी बाजूला सारून
मी वायर जोडली.

तोच नकाशा.
वाळूच्या रंगाच्या भिंती, निळं दार,
एकावर एक दोन खोकी, ज्यांच्यात काय आहे
हे आम्ही चार वर्षांत एकदाही विचारलं नाही.
सावल्या सगळ्या एकाच बाजूला.
तिथला सूर्य तेव्हापासून हललेला नाही.

डाव्या हाताला सगळं आठवत होतं.
बोटं आपोआप आपापल्या कळांवर जाऊन बसली,
न बघता, जशी प्रेसच्या बटणांवर बसतात.

कान मात्र.
तेव्हा मला भिंतीपलीकडची पावलं ऐकू यायची,
वाळूवरची वेगळी, पत्र्यावरची वेगळी.
सुयोग ओरडायचा, खैऱ्या, किती?
मी म्हणायचो, दोन. एक बसलाय.
आणि दोनच असायचे. एक बसलेला.
अठरा वर्षं दोनशे टनांच्या प्रेसशेजारी काढल्यावर
आता उजव्या कानात एक बारीक शिट्टी,
गॅसवर कुणी कुकर विसरल्यासारखी.
तीनदा मेलो. तिन्ही वेळा पाठीमागून.

मारतंय कोण ते बघायला यादी उघडली.
पोरं कमी पडली की उरलेल्या जागा कॉम्प्युटर भरायचा,
आणि त्या खोट्या गड्यांची बारशी आम्ही करायचो.
उधारी बंद.
गांगुर्डे सर गणित.
लोडशेडिंग, ज्याला कुणीच मारू शकायचं नाही.
आणि सगळ्यात खाली,
खैऱ्या.

हे मी लिहिलं नव्हतं.
फाईलची तारीख पाहिली. ऑगस्ट, दोन हजार सहा.
म्हणजे मी जूनमध्ये कामाला लागलो, त्यानंतर.
सेकंड शिफ्ट. खिशात पहिल्यांदा तासाचे पंधरा रुपये होते
आणि तास नव्हता.
कुणाला काही न सांगता जायचा थांबलो होतो.
दोन महिने त्यांनी खुर्ची मोकळी ठेवली असेल,
मग हा बसवला.
नावापुढे लिहिलं होतं, पातळी : सोपी.

हसू आलं. हलकट साले.

तो माझ्याच बाजूनं खेळत होता.
मी त्याच्या मागे मागे गेलो.
खोक्याला नाक लावून तो जागच्या जागी पळत होता,
बंदूक सरळ, पाय चालू, पुढे काही नाही.
मी मागून एक धक्का दिला.
सुटला, आणि धावला थेट निळ्या दारात,
जिथं उभं राहायचं नाही
हे सुयोगनं मला शंभरदा सांगितलं होतं.
एकच गोळी. लोडशेडिंगची.

रात्री साडेअकराला फिरोजला फोन लावला,
डाव्या कानाला.
कोणी लिहिलं रे माझं नाव?
तो जांभईत म्हणाला, आता काय आठवतंय?
सुयोगनं असेल. नाहीतर मी.
मग जरा थांबला.
तू मेलास ना, की सगळं कॅफे ओरडायचं,
अरे कुणीतरी खैऱ्याला वाचवा रे.
अहिररावसुद्धा. काउंटरवरून.

बरं, म्हणालो. झोप.

कळा गार पडल्या होत्या.
पुढचा डाव माझ्याविना सुरू झालेला,
आणि तो परत
त्याच खोक्याला नाक लावून
पळत होता.